मीठ धुणाऱ्या घरातली लेक

आमच्या घरी एक कप वेगळा असे. पांढरा, कडेला निळी रेघ, कान जरासा तडकलेला. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर त्याला जागा नव्हती. मागच्या पडवीत, न्हाणीच्या भिंतीतल्या कोनाड्यात तो पालथा घातलेला असे. लग्न होऊन मी भंडाऱ्याला आले, तेव्हा सासूबाईंनी मिठाची बरणी, मसाल्याचा डबा, पापडाचं पिंप असं सगळं दाखवलं आणि त्याच ओघात हा कपही दाखवला. "हा शेजारच्या आजींचा," एवढंच म्हणाल्या. मी काही विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायचं तरी काय?

आमचं भंडारा पितळी भांड्यांचं गाव. घरात तांब्या-पितळेला तोटा नाही, आणि पितळ म्हणजे चिंच-राख लावून घासलं की शुद्ध, असा सासूबाईंचा हिशेब. चिनी मातीचं तसं नाही; ते एकदा बाटलं की बाटलं. म्हणून आजींना मुद्दाम चिनी मातीचा कप. आजी चहा घेत, गप्पा मारत, उठताना स्वतःच नळाखाली तो कप विसळून कोनाड्यात पालथा घालून जात. कधी तोंडातून एक शब्द नाही. डोळ्यांतही काही नाही. नाताळात मात्र करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट न चुकता यायचं. सासूबाई ते हसून घ्यायच्या, आणि आजींची पाठ वळली की कामवालीच्या ओट्यात रिकामं करायच्या.

आजी मूळच्या सौंसरकडच्या, म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातल्या. तो भाग मध्य प्रदेशात असला तरी तिकडे घरोघरी मराठीच बोलतात. स्वीडनहून आलेल्या लुथरन मिशनऱ्यांनी गेल्या शतकाच्याही आधीपासून त्या बाजूला शाळा काढल्या, देवळं बांधली. आजींचं माहेर त्या लुथरन मंडळीतलं. इकडे नागपूर-भंडाऱ्याचं मिशन स्कॉटलंडचं. पण लग्न होऊन आलेली बाई सासरचं देऊळ आपलं म्हणते, तसं त्यांनीही म्हटलं. फक्त एक गोष्ट माहेराहून आणली होती, ती शेवटपर्यंत सोडली नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली एक लहानशी प्रश्नोत्तरी लिहिली होती. ती पंडितांसाठी नव्हती. घरातल्या कर्त्या माणसानं मुलाबाळांना, गड्यामाणसांना शिकवावी यासाठी होती. घरात कर्ता उरला नव्हता, म्हणून आजीच नातवंडांना ती शिकवत. दिवेलागणीला आमच्याकडे शुभंकरोती चाले, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांच्या पोरांचे सवाल-जवाब ऐकू येत. पोरं चुकली की आजी म्हणायच्या, "काहून रे, जेवताना बरा चुकत नाहीस!"

याच आजींनी मला 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं. पानं पिवळी झालेली, पुठ्ठा सुटलेला, वर वर्तमानपत्राचं कव्हर. "लक्ष्मीबाईंचं आहे. वाच. तुह्यासारखीच बाई आहे," म्हणाल्या. मला वाटलं, काही धर्माचं असेल. उशाशी ठेवलं आणि पंधरा दिवस उघडलंच नाही. पुढे एका दुपारी भाजी निवडता निवडता पहिलं पान वाचलं, आणि त्या रात्री वरणाला फोडणी द्यायची राहून गेली.

लक्ष्मीबाई टिळक म्हणजे 'वनवासी फूल' लिहिणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी, एवढं आपण शाळेत शिकलेल्या असतो. पण मैत्रिणींनो, ही ओळख उलटी करून पाहण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखले. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली, आणि त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. वेड म्हणजे खरंच वेड! बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. धान्य धुवायचं हे आपण समजू शकतो. त्या घरात मीठसुद्धा धुतलं जाई. आता मीठ धुतल्यावर हाती काय उरतं, ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. बायकामुलांचा जीव मेटाकुटीला येई, आणि ते सगळं लक्ष्मीबाई इतक्या हसत सांगतात की वाचताना आधी हसू फुटतं आणि मग पोटात कालवतं.

अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, संस्कृतचा व्यासंगी, बोलण्यात भल्याभल्यांना गुंगवणारा. आणि संसाराच्या दृष्टीनं? हातात पैसा टिकला तर शपथ! दारी आलेल्याला द्यायचं, मग घरात काय शिजणार याची चौकशी नाही. राग आला की घर सोडून जायचं, दिवसच्या दिवस पत्ता नाही. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा आणखी कुठे. बायकोनं मागे राहायचं, नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढायचे. दत्तूच्या आधी झालेली लेकरं हाताला लागली नाहीत. तरी लक्ष्मीबाई या माणसाला एका शब्दानं हलकं करत नाहीत. त्याच्या विक्षिप्तपणाची यादी देतील, भांडणं साग्रसंगीत सांगतील, स्वतःचा मूर्खपणाही लपवणार नाहीत. पण त्यांचं त्याच्यावरचं प्रेम कुठे झाकलं जात नाही. ते त्या बोलूनही दाखवत नाहीत. आपल्या आयांनी तरी कधी बोलून दाखवलं?

या गोष्टीत आपल्या भंडारा जिल्ह्याचाही वाटा आहे, तो मला फार दिवसांनी कळला. १८९३ साली टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले. गाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्यशास्त्राच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराचं पुस्तक ठेवलं आणि, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं काहीसं बोलून गेले. ही गाडी कुठून जाते? कामठीहून, आपल्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून, तुमसर रोडवरून, वैनगंगेच्या पुलावरून, गोंदियावरून. गोंदिया तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. १९९९ साली वेगळा जिल्हा झाला. म्हणजे ज्या संभाषणानं एका बाईच्या संसाराची उलथापालथ झाली, ते कदाचित आपल्या धानाच्या बांध्यांकडे बघत चाललं असेल. नेमकं कोणत्या स्टेशनावर काय बोलणं झालं, हे कोण सांगणार? पण मी माहेरी जायला वरठीच्या फलाटावर उभी राहिले की मला ते आठवतंच.

पुस्तक वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायको जवळ नव्हती, तिला आधी कळवलेलंही नव्हतं.

आता इथे क्षणभर थांबा. आपल्यापैकी एकीला सकाळी निरोप आला की नवऱ्यानं धर्म बदलला; म्हणजे त्या काळच्या हिशेबानं नवरा जिवंत असून नसल्यासारखा. कुंकू पुसायचं की ठेवायचं? कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा. त्याच्यावर पहिला हक्क बापाचा धरला जाणार, आणि बाप तर परधर्मात. लक्ष्मीबाई त्या धक्क्यानं जवळजवळ वेड्या झाल्या. बहीण-मेहुण्यांच्या आधारानं कशाबशा सावरल्या.

कायद्यानं टिळकांना एक वाट मोकळी होती. १८६६ साली सरकारनं असा कायदा केला होता की धर्मांतर केलेल्या माणसाबरोबर नवरा किंवा बायको नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडता यावं आणि त्यानं दुसरं लग्न करावं. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, येऊन भेटत राहिले, वाट बघत राहिले. तापट, उधळ्या, घर सोडून पळणारा हा नवरा या एका बाबतीत मात्र डोंगरासारखा जागचा हलला नाही. माझ्या मते टिळकांच्या सगळ्या कवितांहून ही त्यांची मोठी कविता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला गेल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली ब्राह्मण. चूल वेगळी, पाणी वेगळं. त्याचं पान वेगळं, हिचं वेगळं. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन माठ! मीठ धुणाऱ्या बापाची लेक ती. लोक काय म्हणतात याची तिला फिकीर नव्हती; तिचं स्वतःचं अंगच शिवाशिवीनं शहारत होतं. आणि टिळकांनी जबरदस्ती केली नाही. रागीट माणूस, पण इथे गप्प राहिला.

मग एक रात्र अशी आली की त्यांना झोप लागेना. पडल्या पडल्या विचार करू लागल्या: जात कुणी केली? देवानं केली म्हणावी तर बैल वेगळा, घोडा वेगळा दिसतो, तसा माणसामाणसात फरक दिसायला हवा. तो तर कुठे दिसत नाही. मग जात माणसानंच केली असणार. माणसानं केली, तर माणसाला ती सोडताही येईल. झालं! कुणा मिशनरीचं व्याख्यान नाही, नवऱ्याचा उपदेश नाही. एका बाईनं अंथरुणावर पडून, आपल्याच डोक्यानं, आपल्या बापजाद्यांचं सोवळं उलगडून पाहिलं. सकाळी उठून नवऱ्याला सांगितलं की आजपासून कुणाच्याही हातचं खाईन-पिईन.

मन पटकन मोकळं झालं, पण अंगातली शिवाशीव काही एका रात्रीत जात नाही. ही गोष्ट मला फार खरी वाटते. आपण महिला मंडळात 'सगळे समान' म्हणून टाळ्या वाजवतो, आणि घरी आल्यावर हात कोनाड्यातल्या कपाकडेच जातो.

१९०० साली राहुरीत लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. पतीमागोमाग गेलेली सावित्री म्हणून त्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मागोमाग जायचं असतं तर १८९५ लाच गेल्या असत्या. त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला गेल्या.

आणि गेल्यावर ती श्रद्धा त्यांनी कुठे वापरली? तर चुलीपाशी. ते दिवस छप्पनच्या दुष्काळाचे. पुढे प्लेगही होताच. टिळक पोरकी मुलं घरी आणत आणि लक्ष्मीबाई त्यांना जेवू घालत. पोटचा दत्तू एक, पण पानं किती मांडायची याचा नेम नाही. प्लेगच्या छावणीतही दोघांनी काम केलं. ज्या हातांना दुसऱ्याच्या स्पर्शाची किळस होती, त्या हातांनी परक्याची आजारपणं काढली. टिळक उपदेश करीत, गीतं रचीत. ती गीतं आज 'उपासना संगीता'त आहेत आणि मराठी चर्चमध्ये सगळीकडे म्हटली जातात, आमच्या आजीही गुणगुणायच्या. पण त्या गीतांमागचं पीठ कुणी मळलं, हे लक्ष्मीबाईंनी लिहिलं नसतं तर आपल्याला कळलंच नसतं.

त्यांच्या घरच्या मुलांत एक मोठा झालेला मुलगाही होता. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे सतरा वर्षांच्या एका लाजाळू पोराच्या कवितेनं सगळी सभा जिंकली. तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाई त्याचे रुसवेफुगवे, त्याचं हट्ट करणं असं सांगतात की महाराष्ट्राचा मोठा निसर्गकवी आपल्याला चक्क घरातलं पोर वाटू लागतो. १९१८ साली तो रेल्वेखाली सापडून गेला. आणि वर्षभरानं, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळकही गेले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. शिक्षण म्हणाल तर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, टिळकांनी घरी शिकवलं तेवढंच. हाती पैसा नाही, कारण तो कधी नव्हताच. वसतिगृहात मेट्रन म्हणून राहिल्या, मुलाच्या संसारामागे कराचीपर्यंत गेल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं ख्रिस्तचरित्राचं मोठं काव्य हाती घेतलं होतं आणि दहा-साडेदहा अध्याय लिहून ठेवले होते. पुढचे ६४ अध्याय या न शिकलेल्या बाईनं लिहिले. शेवटची भर मुलानं घातली आणि १९३८ साली ते छापून निघालं. नवऱ्याचं अर्धं विणलेलं पुढे विणत न्यावं, तसं.

'स्मृतिचित्रे' जन्माला आलं तेही असंच, दुसऱ्याच्या कामातून. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यानं आईला म्हटलं, तुला आठवेल ते टिपून ठेव. आई टिपू लागली. मुलाच्या ध्यानात आलं की हे टिपण नाही, हेच पुस्तक आहे. 'संजीवनी' मासिकात ते येऊ लागलं आणि १९३४ साली पहिला भाग पुस्तकरूपानं निघाला. बाईंचं वय तेव्हा सहासष्ट! साठीनंतर आपण काय करायचं, असं विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा. चौथा भाग पुरता व्हायच्या आत, २४ फेब्रुवारी १९३६ ला, नाशिकमध्ये त्या गेल्या.

त्या गेल्या तेव्हा नातू अशोक लहान होता. मोठेपणी त्यानंच आजीच्या पुस्तकाची टिपांसह नीट आवृत्ती सिद्ध केली. आजीनं आजोबांचं पुरं केलं, बापानं आजीचं, नातवानं पुन्हा आजीचं. घरात दागिने उरले नाहीत, हे मात्र तीन पिढ्या पुरलं. हे पुस्तक इंग्रजीतही गेलं: १९५० साली जोसेफीन इंकस्टर यांनी केलं, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी. १९८२ मध्ये विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. भाषेसाठी हे पुस्तक नावाजलं जातं ते योग्यच. पण भाषा शोभिवंत नाही बरं का. ओसरीवर बसून बाई बोलते तशी आहे. कुणावर सूड नाही, स्वतःची आरती नाही.

आता आमच्या कपाचं. पुस्तक वाचून झालं आणि मी दुसऱ्याच दिवशी कप फेकून दिला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोनेक महिने तो कोनाड्यातच होता. रोज दिसायचा. एका संध्याकाळी आजी आल्या, सासूबाई देवाजवळ वाती करत होत्या, आणि मी घरच्या सहा कपांपैकी एकात चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवला. आजींनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अवो, माहा कप फुटला काय?"

"हो आजी, फुटला."

कोनाडा त्यांच्या समोरच होता. कपाची निळी रेघ तिथून दिसत होती. आजी काही बोलल्या नाहीत. चहा घेतला, आणि सवयीनं कप विसळायला उठल्या, तेव्हा मी तो हातातून काढून घेतला.

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते सहाही कप त्यांनी राखेनं घासून, वर गोमूत्र शिंपडून पाहिले, आणि तरी पंधरा दिवस पितळी पेल्यातूनच चहा घेतला. मी वाद घातला नाही. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली होती.

पुढे आजी आजारी पडल्या. डोळ्यांना दिसेना, म्हणून त्यांचं पुस्तक मीच दुपारी त्यांना वाचून दाखवू लागले. नातवंडं प्रश्नोत्तरी म्हणत, ती मधेच चुकली की आजी डोळे मिटूनच उत्तर सांगत. त्या गेल्या तेव्हा चर्चमधल्या बायकांनी टिळकांचं गीत म्हटलं. सासूबाई आमच्या दारात, उंबऱ्याच्या आत, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

पुस्तक आजींच्या सुनेनं मलाच ठेवून घ्यायला सांगितलं. त्या पावसाळ्यात सासूबाईंचा पाय मुरगळला आणि त्यांना खाटेवर पडून राहावं लागलं. दुपार जाता जाईना. एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "ते तुमचं शेजारचं पुस्तक वाच पाहू, काय आहे त्यात एवढं?" मी पहिल्यापासून सुरुवात केली. मीठ धुण्याची गोष्ट आली तशा त्या खुदकन हसल्या. "अगं, आमच्या आत्याबाई गूळ धुवायच्या," म्हणाल्या. मग बराच वेळ छताकडे बघत गप्प राहिल्या. मी पुस्तक मिटू लागले.

"मिटतेस काहून? वाच पुढे."